आमच्या अंगणातली वहिवाट

८ मार्च

आज घर ताब्यात आलं. किल्ली मी दिवसभर कनवटीला लावून फिरले, हे इथेच लिहून ठेवते, कारण यांच्यासमोर कबूल करणार नाही. सगळा जन्म भाड्याच्या खोल्यांत गेला, आणि त्याही वरच्या मजल्यांवर. दुसऱ्यांच्या जिन्यातून ये-जा, दुसऱ्यांच्या दोरीवर कपडे. आता स्वतःचं अंगण, स्वतःचं फाटक. फाटकं तर दोन आहेत! एक खाली बाजाराच्या रस्त्याला, एक वर वस्तीच्या बाजूला. दोन कशाला, असं घर विकणाऱ्याला विचारलं तर म्हणाला, "सोयीचं पडतं." कुणाच्या सोयीचं, ते विचारायचं राहिलं.

९ मार्च

कळलं, कुणाच्या सोयीचं.

सकाळी दात घासत पायरीवर उभी होते. एक गृहस्थ वरच्या फाटकातून आत आले, मला नमस्कार करून अंगण ओलांडून खालच्या फाटकातून निघून गेले. तोंडात ब्रश असल्याने मला ओरडताही येईना. मागोमाग दवाखान्यातली नर्स, मग डोक्यावर पाव घेतलेला बेकरीवाला. सगळ्यात शेवटी एक म्हातारी, छत्री टेकत. तोवर मी चूळ भरून तयार होते. विचारलं, कोण पाहिजे? म्हणाली, "कोणी नको. जायचंय." आणि माझ्या कमरेवरच्या हातांकडे बघून पुढे म्हणाली, "फाटकाला तेल घाला, करकरतं."

मी शाळेत पी.टी.ची बाई होते. माझ्या शिट्टीवर अख्खं मैदान जागच्या जागी थांबायचं. आणि ही मला तेल घालायला सांगते! मी तिचं नाव सुभेदारीण ठेवलंय.

यांना सांगितलं तर हे खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, "बरी वर्दळ आहे." यांची सगळी नोकरी स्टेशनवर तिकीट खिडकीत गेली, यांना वर्दळीचं काय!

११ मार्च

नगरपालिकेत जाऊन आले. तिथे वाटांसाठी वेगळे निरीक्षक आहेत. भला माणूस, पण बोलायला लागला की थांबत नाही. त्यांनी भिंतीवरच्या नकाशावर बोट ठेवून दाखवलं: डावीकडे उभा कडा, उजवीकडे नदीपर्यंत घसरडा उतार. टेकडीवरून म्हाताऱ्या माणसाला उतरता येईल अशी घळ एकच, आणि त्या घळीत आमचं घर. लोक आधीपासून चालत होते, घर नंतर आलं. म्हणजे ही वहिवाट आहे. घर माझं, जमीन माझी, पण त्यावरून चालायचा हक्क त्यांचा.

"आपल्या देशात सोनं निघत नाही, तेल निघत नाही," ते म्हणाले. "टेकड्या आहेत आणि पाय आहेत. म्हणून आपला सगळ्यात जुना कायदा वाटेचा."

मला माहीत नाही का? शाळेत नागरिकशास्त्राची बाई रजेवर असली की मलाच वर्गावर पाठवायचे. 'आपल्या देशाचे वेगळेपण: संस्कृती, भूगोल आणि हक्क' हा धडा मी मुलांकडून मैदानाला फेऱ्या मारत पाठ करून घेतला होता. वाटेचा हक्क त्यात होता. पण पुस्तकातला हक्क उठून आपल्या टोमॅटोच्या वाफ्याशेजारून चालायला लागेल, असं कुणाच्या स्वप्नात तरी येतं का?

मात्र एक पळवाट निघाली. मालकाने स्वतःच्या जमिनीत दुसरी वाट करून दिली आणि लोक आपणहून तिने जायला लागले, तर जुनी बंद करता येते. निरीक्षक एक दिवस येऊन बसतात. त्या दिवशी एक जरी बाहेरचा माणूस स्वतःच्या हक्काने जुन्या वाटेने गेला, तर वाट जिवंत. कोणीच गेलं नाही तर कायमची बंद. मी तिथल्या तिथे अर्ज दिला. शेवटी ते म्हणाले, "एकदा सांगतो, अर्ज आत येतो, बाहेर जात नाही. नंतर तुम्ही वाट ठेवतो म्हणालात तर ती तुमची मेहेरबानी झाली. हक्क मेहेरबानीवर ठेवत नाहीत."

मी म्हटलं, मी कशाला नंतर ठेवतो म्हणू!

२ एप्रिल

आखणी झाली. अंगणाबाहेरून, झुडपांच्या पलीकडून, कुंपणालगत नवी वाट जाईल. वर ती वस्तीच्या रस्त्याला मिळेल आणि खाली बाजाराच्या. खेळाच्या मैदानावर जशी चुना टाकून आखणी करायची, तशीच केली. उताराला पायऱ्या लागतील, त्यासाठी गवंडी ठरवला.

इकडची हवा यांना चांगली मानवली आहे. शहरात निवृत्तीनंतर हे भिंतीकडे तोंड करून बसायचे, दाढी आठवड्याने. इथे रोज सकाळी गुळगुळीत दाढी, भांग पाडलेला, आणि खुर्ची खिडकीशी. भूकही वाढली आहे. टेकडीवरच्या हवेत लोह असतं असं कुठेतरी वाचलं होतं, ते खरं असावं.

एक गोष्ट मात्र यांना समजावली पाहिजे. खिडकीखालून कोणी गेलं की हे विचारतात, "कुठलं देऊ?" आणि लोकही बिचारे सभ्यपणाने म्हणतात, "बाजार. परतीचं." मग हे बोटांनी हवेत तिकीट फाडून देतात. घाईच्या वेळी माणसाला थांबवून असला पोरखेळ! मला त्यांच्या वतीने लाज वाटली. मी आत जाऊन भांडी आपटली.

२० मे

वाट तयार. पायऱ्या अशा की लहान मूलही उतरेल. कठड्याला लाकडी दांडा, धरून चढायला. उद्घाटन वगैरे करायचं नव्हतं, पण वरच्या तोंडाशी उभी राहून शिट्टी वाजवली आणि हाताने दिशा दाखवली. सवयीचा परिणाम. बेकरीवाला दचकून सरळ नव्या वाटेला लागला. सुभेदारीण मात्र थांबून म्हणाली, "वाहतूक पोलीस झालात का?" आणि जुन्या वाटेने गेली.

१४ जून

सक्तीने काम होत नाही, हे मला मुलांना शिकवून चांगलं ठाऊक आहे. गोडीगुलाबीने घ्यायला हवं. मधल्या वळणावर बाक बसवलं. तिथून नदीचं वळण इतकं सुंदर दिसतं की मीच तासभर बसून राहिले. बाकाला सावली हवी म्हणून वेल चढवला. प्यायच्या पाण्याचा नळही घेतला. नर्स म्हणाली, तिच्या पायांना आराम पडला. बेकरीवाल्याला डोक्यावरचं टेकवायला मी कठड्याजवळ ओटा करून दिला, तेव्हा तो भारावला.

गंमत म्हणजे माणसं चांगली आहेत. नर्सला पोहता येत नाही आणि राहते नदीच्या गावात! तिला रविवारी शिकवायचं ठरलं.

पण इथली एक रीत मला अजून पचत नाही. नर्सला म्हटलं, कधी अंगणात येऊन बसा की. ती एकदम अवघडली. वाटेने चालायचं तर कोणी विचारत नाही, पण दुसऱ्याच्या घरी जायचं तर आधी निरोप, मग बाहेरून हाक, धुतलेले कपडे, आणि वेळेत परत. "वाटेवर मी माझ्या हक्काने असते बाई, तिथे कितीही गप्पा मारीन," म्हणाली. "घरात पाहुणी होते." शहरात दोन्ही नव्हतं, ना वाट ना पाहुणे.

९ जुलै

जवळजवळ सगळे नव्या वाटेला लागले. जुन्या वाटेवर आता एकटी सुभेदारीण. तिचं खाली काही काम नसतं. रोज उतरते आणि चढते. मी विचारलं, तुमच्या गुडघ्यांना पायऱ्या बऱ्या नाहीत का? म्हणाली, "तुमच्या पायऱ्या छान आहेत. पण ही वाट मी चालले नाही तर मरेल."

आमच्या घरासमोरची वाट मरू नये म्हणून ही बाई मला मारणार. वर जाताना यांच्या खिडकीशी थांबते, आणि हल्ली दोघांचा पत्त्यांचा डाव चालतो, ती बाहेर उभी आणि हे आत. ती लबाडी करते. मी डोळ्यांनी पाहिलं. यांना सांगितलं तर म्हणाले, "मला माहीत आहे."

३ ऑगस्ट

सुभेदारणीचा पाय मुरगळला, माझ्या फाटकात. ती ओरडली नाही, फक्त छत्री खाली पडल्याचा आवाज आला. मी धावले. असे पाय मी आयुष्यभर बांधलेत. थंड पाणी, घट्ट पट्टी, आणि तिला धरून वर घरापर्यंत सोडून आले. एकटी राहते. घर लखलखीत स्वच्छ. चहा केला तर एक घोट घेऊन म्हणाली, पाणचट आहे. या बाईला खोटं बोलता येत नाही, तोंडदेखलंसुद्धा.

१९ ऑगस्ट

रोज जाऊन पट्टी बदलत होते. आज ती चालायला लागली. मी निघताना दाराशी म्हणाली, "मास्तरीणबाई, तुम्ही माझं एवढं केलंत. आता तुमचं मन मोडवत नाही. उद्यापासून मी नव्या वाटेने जाईन. तुम्ही जिंकलात."

जिंकले! धावत खाली आले आणि यांना सांगितलं. हे म्हणाले, "हो का? छान झालं." आणि पत्ते डब्यात ठेवून झाकण लावलं. मी गोड केलं, यांनी फारसं खाल्लं नाही.

६ सप्टेंबर

अंगण माझं एकटीचं. टोमॅटो लालभडक झालेत. इतकी शांतता की माझ्याच चपलेचा आवाज मोठा वाटतो.

यांची तब्येत मात्र बरी नाही. दाढी वाढलेली. खुर्ची परत भिंतीकडे. जेवणात लक्ष नाही. हवेतलं लोह या दिवसांत कमी होत असेल का?

१२ सप्टेंबर

डॉक्टर येऊन गेले. काही नाही म्हणाले. मी गादी बदलली.

२१ सप्टेंबर

आज काय झालं ते नीट लिहिते.

नव्या वाटेवर कठड्याचा खिळा ठोकत होते. नर्स आली, बाकावर टेकली, म्हणाली, साहेब कुठे गावाला गेलेत का? मी म्हटलं, कुठे जातील, घरातच आहेत. ती जरा घुटमळली. मग म्हणाली, "नाही, चुकल्यासारखं होतं. रोज 'कुठलं देऊ' विचारायचे. मी नुसतं 'दवाखाना' म्हणाले तर सोडायचे नाहीत, 'परतीचं' म्हणायला लावायचे. आमच्याकडे कधी कधी दिवस वाईट जातो बाई. पण ते परतीचं तिकीट घेतलं की वाटायचं, संध्याकाळ होणारच आहे."

तेवढ्यात बेकरीवाला आला. त्यानेही हेच विचारलं. त्याच्या मुलीला यांनी रेल्वेमार्गावरच्या सगळ्या स्टेशनांची नावं म्हणून दाखवली होती, ती अजून घोकते म्हणे.

मी हातोडी तिथेच टाकून घरी आले. हे भिंतीकडे तोंड करून बसले होते. मी म्हटलं, अहो, तुम्हाला ती माणसं हवी होती तर बोलला का नाहीत? हे म्हणाले, "तुला अंगण हवं होतं ना. एवढी वर्षं हवं होतं."

मुलांचे गुडघे फुटले की 'रडायचं नाही' म्हणून दटावणारी मी. आज न्हाणीघरात नळ सोडून पोटभर रडले. टेकडीवरची हवा म्हणे! ज्याचं आयुष्य खिडकीत गेलं, त्याच्या खिडकीसमोरून मी माणसं काढून नेली, वर त्यांना बसायला बाक दिलं.

२२ सप्टेंबर

निरीक्षकांकडे गेले, अर्ज परत मागितला. त्यांनी आठवण करून दिली, अर्ज बाहेर जात नाही. मी म्हटलं, मग मी लोकांनाच सांगते, या दिवशी जुन्या वाटेने चला. ते म्हणाले, चालणाऱ्या प्रत्येकाला मी विचारतो, कोणी बोलावलं का? बोलावलेला माणूस पाहुणा झाला, तो धरत नाही.

फाटक आम्हीच उघडं ठेवलं तर? पण नर्सने सांगितलंच आहे. हक्क गेल्यावर इथे कुत्रंसुद्धा आत येणार नाही, आणि माणूस आला तर धुतलेल्या कपड्यांत, वेळ बघत. पाहुण्याला कोण 'कुठलं देऊ' विचारणार? तपासणी चार ऑक्टोबरला.

३० सप्टेंबर

वस्तीत सगळ्यांना तपासणीची बातमी आहे. कुणाला सांगता येत नाही आणि गप्प बसवत नाही. नर्सला एवढंच म्हटलं की मला मनातून काय वाटतं ते मी बोलू शकत नाही. ती म्हणाली, बोलू नका बाई, विचारलं तर मला खरं सांगावं लागेल. या गावात खोटं बोलणारा एकही माणूस मिळू नये! आपल्या देशाचं हे वेगळेपण धड्यात घालायचं राहून गेलंय.

४ ऑक्टोबर

निरीक्षक सकाळीच आले, घडीचं स्टूल अंगणात मांडून बसले. यांनी त्यांना नमस्कार केला आणि दाढी न करताच खिडकीशी बसले. सवयीने बसले असतील.

बेकरीवाला आला, नव्या वाटेने गेला. त्याने ओट्यावर पाव टेकवले, आमच्याकडे बघितलं, खाली मान घातली. नर्स गेली. गवंडी गेला. मी वर, दोन्ही वाटा जिथे फुटतात तिथे उभी. ऊन वर चढलं आणि कललंही. निरीक्षकांनी पेनचं टोपण काढलं.

आणि सुभेदारीण आली. आज ठेवणीतली शाल, छत्रीही नवी. आली ती सरळ नव्या वाटेकडे वळली. मला म्हणाली, "बघा, शब्द पाळला."

त्या क्षणी मला सुचलं. बोलवायचं नाही ना? मग नको. मी कमरेवर हात ठेवले आणि मैदानाच्या पलीकडच्या टोकाला ऐकू जायचा तो आवाज लावला. "वळलात ते बरं झालं. खबरदार माझ्या अंगणात पाय टाकलात तर! ती वाट माझी आहे. म्हाताऱ्या माणसांनी उगाच मध्ये मध्ये करू नये."

ती थांबली. माझ्याकडे बघत राहिली, बराच वेळ. मग मान वळवून खिडकीकडे बघितलं, यांच्या वाढलेल्या दाढीकडे. मला वाटलं, आता रडते की काय.

"तुमची वाट?" ती म्हणाली. "माझी आजी चालली त्या वाटेने. तुम्ही कोण मला अडवणार?" आणि छत्री आपटत वळली. फाटकाजवळ मी आडवी झाले, अगदी खऱ्यासारखी, तर तिने बाजूला सारताना माझ्या दंडाला कडकडून चिमटा काढला. रागाने असणार. अंगणातून चालली, निरीक्षकांसमोरून.

निरीक्षकांनी उठून विचारलं, "आजी, तुम्हाला इकडून जायला कोणी बोलावलं का?"

"बोलावलं?" ती म्हणाली. "या बाईने तर आत्ता गावाला ऐकू जाईल अशा आवाजात दम दिला. तुम्ही बहिरे आहात का?"

निरीक्षकांना ठसका लागला. रुमाल तोंडावर धरून त्यांनी बराच वेळ खोकून घेतलं आणि मग लिहिलं.

खिडकीतून यांनी विचारलं, अगदी हळू, "कुठलं देऊ?"

"बाजार," ती म्हणाली. "परतीचं. आणि पत्ते पिसून ठेवा, येताना थांबते."

वहिवाट कायम. जाताना निरीक्षक म्हणाले की नव्या वाटेनेही लोक आपणहून चालले, तेव्हा तीही वहिवाट झाली. म्हणजे एक वाट घालवायला गेले आणि दोन होऊन बसल्या. माझ्या जमिनीत आता माझी म्हणावी अशी जागा टोमॅटोची.

म्हातारी तशी भोळीच. कशी डिवचली आणि कशी फसली, शेवटपर्यंत कळलं नाही तिला. यांना हे सांगितलं तर हे डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले, आणि का हसताय म्हणून विचारलं तर सांगेनात.

५ ऑक्टोबर

सकाळी फाटक करकरलं. मी तेल घालणार नाही, ठरलं आहे. पाठोपाठ न्हाणीघरात यांच्या दाढीच्या पाण्याचा आवाज. नर्स, बेकरीवाला, परत फाटक, आणि खिडकीतून पत्त्यांवरून वाद. ती अजून लबाडी करते.

पिशवी घेऊन मी बाजाराला निघाले. खिडकीखालून जाताना हे म्हणाले, "कुठलं देऊ?" मला कधी विचारलं नव्हतं, मी घरचीच म्हणून. मी थांबले. मागे नर्स उभी होती, तिला घाई होती, तरी थांबले.

"बाजार," मी म्हटलं.

"एकेरी की परतीचं?"

"तुम्हीच सांगा."

यांनी हवेत तिकीट फाडलं, उलटसुलट बघितलं आणि माझ्या हातात दिलं. "परतीचंच देतो," म्हणाले. "तुझ्याशिवाय इथे ओरडणार कोण?"

मी ते पर्समध्ये ठेवलं आणि पुढच्या माणसाला जागा करून दिली.